बिनअंगठ्याचे कागद

लोवेल बीलनं आर्डिथ लेटनला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती त्याला दिसलीच नाही. दिसला तो एक दरवाजा.

ड्रिस्को हार्बरच्या चर्चच्या तळघरात बॉस्टनहून आलेला एक कवी कविता वाचत होता. जानेवारी महिना. समुद्रावरून असा वारा सुटलेला की गावातली कुत्रीसुद्धा खांबांना धरून चालत होती. तळघराचं दार धाडकन उघडलं आणि त्यातून दुसरं एक दार आत आलं. प्लायवूडचं, माणसाहून उंच, स्वतःच्या पायांनी चालणारं. पाठोपाठ माशांचा वास आला. साधासुधा वास नव्हे. सार्डिनची अख्खी पलटण बूट आपटत आत यावी तसा. चर्चचं मांजर त्या हिवाळ्यात एकदाही शेगडीपासून हललं नव्हतं, ते उठून उभं राहिलं. कवी नेमका 'अनंत' या शब्दाशी आला होता, तो तिथंच अडकला. लोवेल पुढं शपथेवर सांगायचा, की त्या दारासोबत तीन समुद्रपक्षीही आत शिरले आणि मागच्या बाकावर बसून त्यांनी उरलेली कविता ऐकली. त्यातला एक झोपला. पण त्याला दोष देता येत नव्हता, कारण त्याच्या बाकावरचे बाकीचेही झोपलेच होते.

दार भिंतीला टेकलं आणि त्याच्यामागून एक बुटकी, रुंद बाई निघाली. डोक्यावर शिकाऱ्याची लाल टोपी, दहाही बोटांना पांढऱ्या पट्ट्या. तिनं कवीकडे पाहिलंही नाही. टेबलावर कागदांचा गठ्ठा घेऊन बसलेल्या लोवेलपाशी ती सरळ आली.

"कागद वाटतात ते इथंच का?"

"इथंच. पण कविता संपल्यावर," लोवेल कुजबुजला.

"मला तेवढा वेळ नाही. भोंगा झाला की जावं लागेल. एक द्या. अंगठा न लागलेला."

"म्हणजे?"

"म्हणजे ज्याला कुणाचा अंगठा लागला नाही असा. हा वरचा नको, ह्याच्यावर तुमचा आहे. हा बघा. काळा."

"बाई, मी छापणारा माणूस आहे. हातानं छापतो. पायानं छापायला अजून शिकलो नाही."

"मग हात धुऊन छापत जा."

असं म्हणून तिनं गठ्ठ्याच्या मधोमध दोन बोटं घातली, झोपलेलं तान्हं मूल पाळण्यातून उचलावं तसा एक कागद अलगद उचलला, आणि त्या प्लायवूडच्या दाराचे दोन पाट पुस्तकासारखे उघडून आत ठेवला. वरून दोरीनं करकचून बांधलं. मग कवीकडे वळून म्हणाली, "चालू द्या तुमचं." तेवढ्यात बाहेर कारखान्याचा भोंगा झाला, दरवाजानं पाठ फिरवली, आणि तो जसा आला तसा वाऱ्यात निघून गेला.

"त्या बाई समीक्षक आहेत का?" कवीनं नंतर जेवताना घाबरत घाबरत विचारलं.

"नाही," लोवेल म्हणाला. "मासे भरतात."

लोवेलचा छापखाना धक्क्यावरच्या एका खोपटात होता. पूर्वी तिथं शेवंडीच्या सापळ्यांसाठी आमिषाची पिंपं ठेवत. पोटासाठी तो लिलावाच्या जाहिराती आणि मयताची कार्डं छापायचा, आणि मनासाठी कविता. एक कागद, एक कविता, एकच बाजू. महिन्यातल्या एका शनिवारी चर्चच्या तळघरात कुठला तरी कवी यायचा. त्याची एक कविता लोवेल शिशाच्या खिळ्यांनी जुळवून छापायचा आणि आलेल्या प्रत्येकाला एकेक प्रत मिळायची. लोक मात्र येत ते कवितेसाठी नव्हे. कवितेनंतर पाद्री फार्नमच्या बायकोनं दिवसभर भट्टीत मुरवलेला काकवीतला घेवडा आणि वाफवलेला काळा पाव मिळायचा. घेवडा कवितेच्या आधी वाढून पाहण्याचा प्रयोग एकदाच झाला. त्या संध्याकाळी कवीनं आपलं सगळं काव्य एकट्या लोवेलला ऐकवलं.

लोवेलचा खरा जीव कवितेतही नव्हता. तो कागदाच्या कडांत होता. मॅसॅच्युसेट्समधला एक म्हातारा त्याला हातानं केलेला कागद पाठवी. हा कागद चारी बाजूंनी सरळ कापलेला नसे. साच्यातून निघाला तसाच राही, कडांना झिरझिरीत, वाळूवर लाट विरून गेल्यावर फेसाची रेघ राहते तसा. लोवेल त्याला 'दाढी' म्हणायचा. "दाढी काढलेला कागद म्हणजे विमा विकायला आलेला माणूस," असं त्याचं म्हणणं. खुद्द लोवेलची दाढीही तशीच होती, झिरझिरीत आणि कुठंही न संपणारी. कविता कशीही असो, कागदाची दाढी चांगली उतरली की ती संध्याकाळ त्याच्या लेखी सार्थकी लागायची. कित्येक कवींना केवळ त्या दाढीनं तारलं आहे, असं त्याचं प्रामाणिक मत होतं आणि ते तो कवींनाही सांगायचा.

आर्डिथचं जग वेगळं होतं. सोळाव्या वर्षापासून ती सार्डिनच्या कारखान्यात उभी होती. हत्यारं दोन, स्वतःची कात्री आणि स्वतःची बोटं, कापू नयेत म्हणून पट्ट्या गुंडाळलेली. समोरून मासे येत राहायचे. मासा उचलायचा, कच्च डोकं, कच्च शेपूट, उरलेला डब्यात. डबा सगळ्यांना सारखाच. मासा डब्यापेक्षा लांब असला तर ती चूक माशाची. तिची कात्री इतक्या वेगानं चालायची की शेजारी उभ्या राहणाऱ्या बायका आपल्या वेण्या टोपीत कोंबून ठेवत. बोट मासळी घेऊन आली की भोंगा व्हायचा, आणि अर्ध्या गावातल्या बायका हातातलं काम टाकून निघायच्या. एका नवरीनं तर म्हणे वेदीसमोर पाद्रीबाबांना 'हो' एवढं सांगितलं आणि ती तशीच कारखान्यात गेली. अंगठी नवऱ्यानं संध्याकाळी घातली, ती पट्टीवरून.

पहिला कागद आर्डिथला मिळाला तोही माशाभोवती. धक्क्यावर कुणीतरी लोवेलच्या रद्दीतली बिघडलेली प्रत उचलून तिच्यात हॅडॉक बांधून दिला होता. मासा तळला जाईपर्यंत तिनं तो कागद वाचला, आणि मासा करपेपर्यंत पुन्हा वाचला. कविता एका विहिरीवर होती. नवरा करपलेला मासा खाताना काही म्हणाला नाही, कारण तोवर तिनं त्यालाही ती वाचून दाखवली होती आणि तो त्या विहिरीचा विचार करत होता. हा नवरा पुढं दोन हिवाळ्यांनी गेला. त्यानंतर वरच्या मजल्यावरची त्याची खोली कागदांची झाली.

"पुस्तक मला झेपत नाही," ती म्हणायची. "पान उलटलं की मागं काय होतं ते बघायला परत यावं लागतं. हे बरं. एक मासा, एक डबा."

कवितेची पारखही तिची अशीच होती. वाचन संपल्यावर कवी आशेनं तिच्याकडे बघायचा. ती म्हणायची, "डब्यात बसली," किंवा म्हणायची, "शेपूट राहिलं बाहेर." बस्स. पुढं पुढं त्या किनाऱ्यावरचे कवी आपल्या कवितांच्या शेवटच्या चार ओळी आधीच काढून टाकू लागले. त्या भागातल्या कवितेला तेव्हा जे बरे दिवस आले, त्याचं कारण प्राध्यापक मंडळी काहीही सांगोत.

ज्या दिवशी मासळी नसेल त्या दिवशी आर्डिथ आपल्या गंजक्या पिकअपमध्ये ते प्लायवूडचं दार टाकून निघायची. पोर्टलंड, बॉस्टन, व्हरमाँटची डोंगरातली खेडी. जिथं कुणी कवी वाचणार आणि कुणी कागद छापणार, तिथं ती हजर. सोबत एक साबण, एक टॉवेल आणि एक टोकदार पेन्सिल. सही पेन्सिलीनंच करायची, शाई फुटते. आणि सहीआधी हात धुवायचे, मग कवी कितीही मोठा असो. व्हरमाँटमधल्या एका बक्षीसविजेत्या कवीनं जरा कुरकुर केली.

"मी आत्ताच धुतले आहेत हात. जेवून."

"काय होतं जेवायला?"

"कोंबडी."

"मग पुन्हा धुवा."

त्यानं पुन्हा धुतले. तिनं टॉवेल दिला, दोन्ही पंजे उलटसुलट करून पाहिले, आणि मग कागद पुढं केला. बिचाऱ्यानं रागाच्या भरात सहीला एवढी लांब शेपटी काढली की ती कागदाच्या पार कडेला जाऊन टेकली.

असं करत करत वरची खोली भरली. कारखान्यात डब्यांवरची लेबलं ज्या मजबूत चपट्या खोक्यांतून येत, ती रिकामी खोकी आर्डिथनं घरी आणली. दोन कागदांच्या मध्ये टीपकागद. खिडकीला जाड पडदा, कारण उन्हानं कागद पिवळा पडतो. खोलीत जाण्याआधी ती अंगावरचे कपडे बदलायची आणि हातांना लिंबू चोळायची, तरी वास थोडा जायचाच तिच्यासोबत. टाचणी नाही, चिकटपट्टी नाही, घडी तर नाहीच. "घडी म्हणजे मोडलेलं हाड," ती म्हणायची. "बसवलं तरी दुखतंच." आणि खोलीत तिच्याशिवाय कुणालाही प्रवेश नव्हता. लोवेलला तर अजिबात नव्हता.

तोवर दोघं अहो-जाहो सोडून एकमेकांच्या अंगावर ओरडण्याइतके जवळ आले होते.

"अगं, माझेच कागद आहेत ते. एकदा दाखव तरी."

"हात दाखव."

लोवेल हात दाखवायचा. चाळीस वर्षांची शाई नखांच्या मुळाशी बसलेली.

"आता तूच सांग," आर्डिथ म्हणायची.

एकदा तो रॉकेलनं हात घासून, लाल करून आला. तिनं नाक मुरडलं. "वास येतोय."

"तू मला वासाबद्दल सांगणार? तू?"

"माशाचा वास उद्या जातो. रॉकेलचा राहतो." आणि तिनं दार लावून घेतलं.

पुढं एका वादळात लोवेलच्या खोपटाचं छप्पर उडालं आणि त्यानं स्वतःसाठी ठेवलेल्या सगळ्या प्रतींचा एका रात्रीत लगदा झाला. त्यानं तो लगदा फावड्यानं उचलला आणि समुद्रात टाकला. कुणी हळहळलं की तो म्हणायचा, "जाऊ दे. आर्डिथकडे आहेत." आणि खरंच त्याला फारसं वाईट वाटायचं नाही. ज्या घरात माणसाला शिरता येत नाही तिथं पावसाला कोण घेतंय.

मग कारखाना बंद होणार असल्याचं कळलं. गावानं दोन दिवस त्यावर चर्चा केली, तिसऱ्या दिवशी सगळे गप्प झाले. फ्लोरिडातल्या मुलीनं आर्डिथला बोलावून घेतलं. मुलीचं घर लहान, आणि तिथली हवा अशी की भिंतींनाही घाम येतो. कागद तिथं नेण्यात अर्थ नव्हता. आणि गाव सोडून जाणाऱ्याच्या सामानाचं ड्रिस्को हार्बरमध्ये काय होतं, ते आर्डिथला ठाऊक होतं. अंगणात टेबलं मांडतात, वर सगळं पसरतात, शेजारीपाजारी येऊन जे हवं ते उचलून नेतात. तिची मैत्रीण मर्ना गाव सोडून गेली तेव्हा तिचे कप पोस्टातल्या हेझलनं घेतले आणि बश्या पाद्रीणबाईंनी. तेव्हापासून त्या दोघी एकमेकींकडे चहाला जात नव्हत्या.

"माझे कागद टेबलावर जायचे नाहीत," आर्डिथनं लोवेलला सांगितलं. "सगळे एकत्र राहतील. एका छपराखाली." मग त्याच्या खोपटाकडे पाहून म्हणाली, "आणि न उडणाऱ्या."

दोन तासांच्या रस्त्यावर एक जुनं कॉलेज होतं. तिनं तिथल्या ग्रंथालयात फोन केला. "तुम्हाला हवंय असं काहीतरी माझ्याकडे आहे," ती म्हणाली. "या. हात धुऊन या."

ग्रंथपाल आला, मिस्टर ट्रंबुल. कनेटिकटचा माणूस, म्हणजे बाहेरचा. गळ्यात बो टाय, जोडे इतके स्वच्छ की धक्क्यावर लोक त्यांच्याकडे बघत राहिले. दारातच त्यानं खिशातून पांढरे सुती हातमोजे काढून चढवले. आर्डिथ पाघळली. इतक्या वर्षांत तिला पहिल्यांदा कुणी न सांगता शहाणा भेटला होता. त्या आनंदात तिनं लोवेललाही वर यायची परवानगी दिली, मात्र भट्टीतून गरम भांडी काढायचे जाडजूड मोजे दोन्ही हातांत घालून. स्वतःच्या आयुष्यभराच्या कामाच्या दर्शनाला लोवेल असा अस्वलासारखे पंजे घेऊन उभा राहिला.

पहिलं खोकं उघडलं. मिस्टर ट्रंबुलनं श्वास आत घेतला. सपाट, पांढरे, निष्कलंक कागद. कुठं ठिपका नाही, सुरकुती नाही, अंगठा नाही.

"मिसेस लेटन," तो म्हणाला, "अशी स्थिती मी कुठंही पाहिलेली नाही. कुठंही."

"नसणारच," आर्डिथ म्हणाली.

मग त्यानं कागदाच्या कडेवरून बोट फिरवलं. थांबला. दुसरा कागद काढला, त्याच्याही कडेवरून फिरवलं. तिसरा काढला. लोवेल त्याच्या खांद्यावरून वाकला, आणि त्यालाही दिसलं. कडा सरळ होत्या. वरची, खालची, डावी, उजवी. खोक्यातल्या एकूण एक कागदाची कड विमा विकणाऱ्यासारखी गुळगुळीत.

"दाढी कुठाय?" लोवेल म्हणाला.

"कसली दाढी?"

"कडा, आर्डिथ. कागदाच्या कडा."

"त्या होय. कापल्या की." आणि ती चक्क लाजल्यासारखी हसली. "तुला कधी बोलले नाही, म्हटलं वाईट वाटेल. तुझा कागद फाटकाच यायचा रे. बॉस्टनचे तर विचारूच नको, नुसत्या झिपऱ्या. खोक्यात बसायचे नाहीत, दुमडायचे. मग एकेक घेऊन नीट केला. शब्दाला हात लावला नाही हं. नुसतं डोकं आणि शेपूट."

मिस्टर ट्रंबुलनं चौथा कागद काढून उजेडात धरला.

"फक्त त्या कोंबडीवाल्याच्या सहीला शेपटी फार होती," ती म्हणाली. "तेवढी गेली."

लोवेलला डोकं धरावंसं वाटलं, पण त्या मोज्यांत डोकंही धरता येईना. "मी तो कागद त्या कडांसाठी आणायचो. त्या म्हाताऱ्याची सगळी कारागिरी त्या कडांत होती."

"मग सांगायचं नाही का?"

"तू कधी बघू दिलंस?"

"तुझे हात बघितलेस का?"

लोवेलच्या सबंध हयातीची बिनपाण्यानं हजामत झाली होती, आणि ती करणारीला अजून शाबासकीची वाट होती.

मिस्टर ट्रंबुलनं एकेक बोट सोडवत मोजे काढले. तो भला माणूस होता, त्यामुळे त्याला जास्तच जड गेलं. कापलेले कागद कॉलेज घेत नाही, तसा नियमच आहे, तो म्हणाला. पण प्रत्येक वाचनाला इतक्या प्रती वाटल्या गेल्या आहेत, म्हणजे गावात अस्सल प्रती असणारच. त्या कुठं मिळाल्या तर कॉलेज आनंदानं घेईल. आणि तो गेला. त्याचे पांढरे मोजे टेबलावरच राहिले. आर्डिथनं ते नीट जुळवून ठेवले.

"म्हणजे टेबलावर जाणार," ती म्हणाली. तिचा आवाज एवढा लहान लोवेलनं कधी ऐकला नव्हता. पण तो इतका चिडला होता की त्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि ते जाड मोजे हातात तसेच घेऊन... खरं तर हातात तसेच घालून, घरी गेला.

दोन दिवसांनी राग उतरला आणि त्याच्या जागी आत्मविश्वास आला. दाढी मिळवायचीच. वर्षानुवर्षं त्यानं स्वतःच्या हातानं गावाला कागद वाटले होते. गाव काही फेकणारं नव्हतं. तो आधी पाद्रीबाबांच्या घरी गेला. पाद्रीणबाईंनी कौतुकानं कपाट उघडून दाखवलं. सगळे कागद होते, प्रत्येक फळीवर एक, आणि त्यांच्यावर मुरंब्याच्या बरण्या.

"काय सुरेख बसतात," त्या म्हणाल्या. "मी मुरंबा काढताना रोज वाचते हो. 'हे समुद्रा, तू' इथपर्यंत. पुढं बरणी आहे."

पोस्टातल्या हेझलकडच्या कागदांच्या मागं हरवलेल्या कुत्र्यांच्या सूचना लिहिलेल्या होत्या, त्याही टाचण्यांनी चाळण झालेल्या. कुणी खिडकी वाजते म्हणून फटीत घडी घातली होती, कुणी ओल्या बुटांत कोंबले होते. शेवटी तो एल्वूडकडे गेला. हा म्हातारा शेवंडीवाला एकही वाचन चुकवत नसे, दर वेळी दोन प्रती मागून नेई आणि लोवेलला तो मनातून गावातला एकमेव रसिक वाटत आला होता. एल्वूडनं चुलीशेजारची टोपली दाखवली. तळाशी दोनच कागद उरले होते, एक अर्धा जळालेला.

"कागद उत्तम तुझा," एल्वूड म्हणाला. "एका काडीत पेटतो. ती कडेची झालर असते ना, ती आधी घेते."

लोवेलनं तो अर्धा जळका कागद मागून घेतला. पाद्रीणबाईंकडून मुरंब्याचा एक घेतला. आणि मोजे परत द्यायला म्हणून आर्डिथच्या घरी गेला. ती ओसरीवर बंदूक साफ करत बसली होती. ऑक्टोबर नुकताच लागला होता.

"गावात एकही धड प्रत नाही," तो म्हणाला.

"मला माहीत होतं."

"कशावरून?"

"मी सगळ्यांचे हात बघितलेत," आर्डिथ म्हणाली.

लोवेल पायरीवर बसला. आर्डिथनं बंदुकीच्या नळीतून पुन्हा एकदा कापड फिरवलं.

"खोकी गाडीत चढव," तो म्हणाला. "मी हात धुऊन येतो."

दुसऱ्या दिवशी मिस्टर ट्रंबुलच्या मोठ्या टेबलावर लोवेलनं तीन कागद ओळीनं मांडले. मुरंब्याची वर्तुळं असलेला एक, जळका एक, आणि आर्डिथचा एक.

"दाढी हवी असेल तर हे दोन आहेत," तो म्हणाला. "कविता हवी असेल तर हा. तिसरं काही जगात नाही. मी सगळीकडे बघून आलोय, आणि छापलं मीच होतं."

मिस्टर ट्रंबुलनं मुरंब्याला बोट लावलं. ते चिकटलं. त्यानं खिडकीबाहेर पाहिलं, पुन्हा आर्डिथच्या कागदाकडे पाहिलं. "त्या कडा," तो हळूच म्हणाला, "कापलेल्या कडांमधलं काही उरलं आहे का?"

"उरलंय म्हणजे? मी काय फेकणारी बाई वाटले तुम्हाला?" आर्डिथ म्हणाली. "कारखान्यात डोकी-शेपट्यासुद्धा कोंबड्यांच्या खाण्यात जातात. पिठाच्या पोत्यात भरून ठेवल्यात सगळ्या. पोतं खाली गाडीतच आहे, खोकी हलू नयेत म्हणून मध्ये दाबलंय. थोड्या टोमॅटोच्या रोपांना बांधल्यात. त्या हव्या असतील तर सोडवून देते."

मिस्टर ट्रंबुल खाली बसला. त्याच्या खांद्यांना हिसके बसू लागले, आणि तो रडतोय की हसतोय हे काही वेळ दोघांनाही कळलं नाही. मग त्यानं डोळे पुसले आणि म्हणाला, की टोमॅटोच्या राहू देत.

"सगळे एकत्र राहतील?" आर्डिथनं विचारलं.

"सगळे एकत्र. पोत्यासकट."

"छप्पर?"

"तांब्याचं आहे."

"गळतं?"

"नाही, मिसेस लेटन."

त्यानं हात पुढं केला. तिनं तो आधी उलटा करून पाहिला. बोटाला मुरंबा होता. तिनं रुमालानं तो पुसला आणि मग हात मिळवला.

कागद ग्रंथालयात आले खरे, पण आठवडाभरात शेजारच्या कपाटांतले जुने नकाशे माशांसारखा वास मारू लागले. त्यामुळं आर्डिथच्या कागदांना स्वतंत्र खोली द्यावी लागली, आणि त्या खोलीत दुसरं काही ठेवायला कुणी तयार होईना. एकत्र राहण्याची याहून पक्की सोय झाली नसती. दारावर तिच्या नावाची पितळी पाटी लागली. खोली लोकांना खुली करण्याचा समारंभ ठरला, आणि त्याच्या निमंत्रणपत्रिका लोवेलनं स्वतः छापल्या, त्या म्हाताऱ्याच्या कागदावर, भरघोस दाढीसकट. पत्रिका इतक्या देखण्या उतरल्या की तो एकेक उजेडात धरून कडाच बघत बसला. दिवस मिस्टर ट्रंबुलनं ठरवला होता, नोव्हेंबरातला पहिला शनिवार. तो बाहेरचा माणूस, त्याला ठाऊक नव्हतं. लोवेलनं खिळे जुळवले, पण तारीख त्यानं वाचलीच नाही.

हरणाच्या शिकारीचा मोसम त्याच दिवशी सुरू झाला, आणि त्या दिवशी त्या भागात घरात कुणी राहत नाही. मिस्टर ट्रंबुल सफरचंदाचा रस आणि डोनट मांडून दिवे लागेपर्यंत थांबला; कुणी आलं नाही. लोवेल जंगलात होता. आर्डिथही जंगलात होती. तिला हरीण मिळालं नाही, आणि सोमवारी ती फ्लोरिडाला गेली.